आधी पाणी उकळू दे!

"यंदा एक दाणासुद्धा त्या चोरांच्या पोटात जाणार नाही!" ऑर्व्हल टॅकेटनं शुक्रवारी सकाळी अंगणात उभं राहून जाहीर केलं. कोंबड्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा दाणे टिपायला लागल्या. हे वाक्य त्यांच्या पणज्यांनीही ऐकलं होतं.

चोर म्हणजे रॅकून, मांजराहून थोराड असं रानजनावर. डोळ्यांवर काळी पट्टी, शेपटीवर गोल पट्टे आणि हात असे की घड्याळजीनं कामाला ठेवावेत. पिजनलिक खोऱ्यातला रॅकून कोंबड्यांच्या दाराची कडी काढतो, आत जाऊन अंडी खातो आणि जाताना कडी लावून जातो. मका कधी तयार होणार ते माणसाला अंदाजानं कळतं, रॅकूनला मात्र तारखेनिशी कळतं! उद्या तोडू म्हणावं, तर आज रात्री सहकुटुंब हजर. गेल्या वर्षी त्यांनी ऑर्व्हलसाठी एकच कणीस मागे ठेवलं होतं, तेही अर्धं चावून. बहुधा पसंत पडलं नसावं.

पण यंदाची गोष्ट वेगळी होती. यंदाची कणसं ऑर्व्हलची नव्हतीच. ती सोळा माणसांची होती.

झालं होतं असं. मार्चमध्ये ऑर्व्हलच्या घराचं धुराडं पेटलं. बाहेर गारा पडत होत्या आणि आत छपराला आग! शेजारच्या क्लोव्हिस मेसरनं आपले पंधरा गडी गोळा केले. हे खोऱ्यातलं अग्निशमन दल. पगार शून्य, पंप आजोबांच्या वयाचा. कुणी विजारीवर, कुणी बायकोच्या कोटात, अशी सोळा माणसं निसरड्या छपरावर चढली आणि घर वाचवून उतरली. त्याच्या बायकोचे, नेडीनचे पडदेसुद्धा जळले नाहीत.

आता या खोऱ्यात आभार तोंडानं मानत नाहीत. 'आभारी आहे' म्हणताना इथल्या पुरुषाचा जबडा धरतो. आभार भांड्यातून पोचवायचे असतात. म्हणून ऑर्व्हल रविवारी चर्चमध्ये उभा राहिला, टोपी तीन वेळा फिरवली आणि म्हणाला, "ऑगस्टात. माझा मका. प्रत्येकी तीन कणसं." आणि घाम पुसत खाली बसला. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यातलं हे त्याचं सर्वांत लांब भाषण.

तेव्हापासून तो क्लोव्हिसच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. का, ते फक्त त्यालाच ठाऊक होतं. ही कणसं त्यांच्या पानात वाढली की मगच आपली मान वर होईल, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

जेवण शनिवारी दुपारी. म्हणजे शुक्रवारची रात्र वैऱ्याची!

"मग आज संध्याकाळीच तोडून ठेव की," नेडीन म्हणाली. पन्नास वर्षं ती असंच शहाणपणाचं बोलत आली होती आणि पन्नास वर्षं त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

"तोडून ठेवू? रात्रभर?" ऑर्व्हल खुर्चीतून उडालाच. "अगं, आधी चुलीवर पाणी उकळायचं, मग कणीस तोडायचं आणि पळत आणायचं! माझा बाप वाटेत ठेच लागून पडला, तर हातातलं कणीस कोंबड्यांना टाकून दुसरं तोडायला परत गेला होता. शिळं कणीस वाढण्यापेक्षा माझे बूट उकडून वाढ त्यांना!"

"एकच जोड आहे. सोळा जणांना पुरायचा नाही," नेडीन म्हणाली आणि झोपायला गेली.

रात्री दहाला ऑर्व्हल कोंबड्यांच्या खुराड्यावर खुर्ची टाकून बसला. मांडीवर एअरगन, तिच्या नळीला चिकटपट्टीनं बांधलेली विजेरी. समोर बारा ओळी मका. मका आणि खुराडं यांच्यामध्ये आमिष म्हणून सार्डिन माशांचा उघडा डबा. तो उघडताना तेल विजारीवर सांडलं होतं, पण शिकाऱ्यानं असल्या गोष्टींकडे लक्ष द्यायचं नसतं.

साडेअकराला मका सळसळला. एक रॅकूनबाई बाहेर आल्या. मागून चार पिल्लं, रांगेत.

ऑर्व्हलनं बंदूक भरायला घेतली. ही बंदूक एका गोळीसाठी दहा वेळा दांडा ओढून हवा भरावी लागणारी, आणि दांड्याला तेल शेवटचं कधी घातलं ते बंदुकीलाही आठवत नव्हतं. कर्रर्र! कर्रर्र! रॅकून खाली बसले. पाहुण्यानं नवा खेळ काढावा आणि पोरांनी कौतुकानं बघावं, तसे पाचही जण माना तिरप्या करून बघत राहिले. सातव्या ओढीला धाकट्यानं जांभई दिली.

फट्! छर्रा रॅकून बिचकावेत म्हणून मक्यात टांगलेल्या पत्र्याच्या ताटलीवर आपटला, तिथून तसल्याच एका घंटीवर, घंटीवरून पडवीच्या दिव्यावर. खळ्ळ! धक्क्यानं विजेरीही विझली. सगळीकडे अंधार. रॅकूनांनी कान टवकारले, डबा चाटून पुसून संपवला आणि आणखी वास कुठून येतोय ते शोधत निघाले. वास येत होता ऑर्व्हलच्या विजारीतून.

"हट्! हाड्! ए भवाने, उतर खाली!" रॅकूनबाई खुराड्यावर चढून त्याच्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या, उसनवारीला आलेल्या शेजारणीसारख्या. ऑर्व्हल मागे सरकला. खुर्चीही सरकली. पण खुराडं तिथं संपत होतं.

अंधारात पुन्हा दहा ओढी देऊन भरलेली बंदूक पडता पडता उडाली. फट्! छर्रा मक्यात कुठंतरी ठक्कन बसला.

आणि मग मक्यातून भरघोस, खणखणीत आवाज आला:

"बंधो! अंधारात बसून काय करतोस, ते मला दिसतंय!"

ऑर्व्हलच्या डोक्यावरची टोपी आपोआप वर उचलली गेली, असं तो पुढे सांगत असे. कोंबड्या गप्प. रॅकून गप्प.

"हातातलं खाली ठेव!" आवाज म्हणाला.

ऑर्व्हलनं बंदूक इतकी लांब फेकली की ती अजून सापडलेली नाही.

"आणि कबूल कर! कबूल कर, बंधो, आज रात्रीच!"

"करतो, देवा, करतो!" ऑर्व्हल गुडघ्यांवर आला. "क्लोव्हिसचं टरबूज मी नेलं! दोन नेली! आणि गेल्या नाताळात नेडीनच्या मावशीनं दिलेला स्वेटर मी कुत्र्याला घातला!"

"मोठं पाप सांग! जे कुणालाच सांगितलं नाहीस ते!"

ऑर्व्हलला हुंदका फुटला. "धुराडं, देवा! शरद ऋतूत धुराडं साफ केलं म्हणून नेडीनला सांगितलं आणि गेलो मासे धरायला! ती आग माझ्या आळसानं लागली! माझ्या आळसापायी ती सोळा पोरं गारांत छपरावर चढली! माझा जीव घे, देवा, पण नेडीनला सांगू नकोस!"

वरच्या खिडकीत जाग्या झालेल्या नेडीनला यातलं फक्त "माझा जीव घे, देवा" एवढं ऐकू आलं. नवऱ्याला हृदयाचा झटका आला असं समजून तिनं फोन उचलला. या खोऱ्यात झटक्यालाही तेच दल येतं, आगीलाही तेच.

खांबावरचा भोंगा वाजला आणि दहा मिनिटांत सोळाच्या सोळा जण अंगणात! कुणी विजारीवर, कुणी बायकोच्या कोटात. पाहतात तो ऑर्व्हल मक्यापुढे गुडघे टेकून रडतोय, त्याच्या शेजारी पाच रॅकून ओळीनं बसलेत आणि मक्यातून आवाज येतोय, "हा होता आपला रात्रीचा उपदेश. आता उद्याचं हवामान."

ऑर्व्हलनं हळूच मान वर केली.

क्लोव्हिस मेसर पायांकडे बघत होता. "म्हातारबा, रेडिओ माझा आहे," तो पुटपुटला. "माणसाचा आवाज ऐकला की रॅकून पळतात, म्हणून संध्याकाळी तू डुलकी काढत होतास तेव्हा मक्यात ठेवला. तुझी कणसं वाचावीत म्हणून. पण मेला मधेच बंद पडतो. थोबाडीत मारल्याशिवाय चालू होत नाही."

"छर्रा लागला त्याला," ऑर्व्हल म्हणाला. रात्रीतला एकमेव अचूक नेम. "तू... किती ऐकलंस?"

"माझ्या घराची खिडकी उघडी होती. टरबुजांपासून सगळं."

ऑर्व्हलनं टोपी काढली. एकदा फिरवली. दोनदा फिरवली. जबडा धरला होता, तरी तो उघडला. "पोरांनो, घर माझ्यामुळे पेटलं. तुम्ही वाचवलंत. मी... मी आभारी आहे."

सोळा माणसं अशी लाजली, जणू त्यानं सगळ्यांचे मुके घेतले.

"अरे, आम्हाला मार्चमध्येच कळलं होतं," क्लोव्हिस म्हणाला. "तुझ्या पडवीतली शिडी काढली, तर मागे धुराड्याचा ब्रश. कोरा करकरीत! दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच."

"मला तर ऑक्टोबरातच कळलं होतं," पडवीतून नेडीन म्हणाली. झटका नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला होता आणि रागाला जागा झाली होती. "धुराडं साफ करून आलेल्या माणसाच्या अंगाला काजळी असते. मासळीचा वास नसतो. आता सगळे जमलाच आहात, तर कुणी हलू नका. पाणी ठेवलंय. उकळलं की ओरडते!"

ती ओरडली आणि सोळा माणसं गाडीच्या दिव्यांच्या उजेडात मक्यात घुसली. तोडा, सोला, पळा! पाण्याच्या नळीऐवजी हातोहात कणसांची साखळी लागली. दाताखाली दाणा फुटला की रस शेजाऱ्याच्या डोळ्यात उडत होता. लोणी कोपरापर्यंत ओघळत होतं. पहाटे तीनला पडवीत कुणी शब्द बोलत नव्हतं, आणि खोऱ्यात यापेक्षा मोठी दाद नाही. ऑर्व्हल सगळ्यांना मीठ देत फिरला, प्रत्येकाच्या डोळ्याला डोळा देऊन. शेवटचं कणीस त्यानं स्वतःच्या हातानं सोलून क्लोव्हिसला दिलं.

उजाडलं. गाडी गेली. नेडीननं ऑर्व्हलच्या हातात तो कोरा ब्रश ठेवला आणि नुसतं बोट वर केलं.

तो मुकाट्यानं छपरावर चढला. ब्रशाच्या चार फटकाऱ्यांत काजळीनं असा माखला की कावळा बिचकून उडाला. पण मन कसं धुतल्यासारखं! खाली मक्यात रेडिओ चालूच होता आणि त्याला टेकून रॅकूनबाई नि तिची पिल्लं उरलीसुरली कणसं खात सकाळची बातमीपत्रं ऐकत होती. "खा, बायांनो," ऑर्व्हल म्हणाला. "तुम्ही नसतात तर हे तोंड उघडलं नसतं."

काम उरकून तो उतरायला वळला. शिडी नव्हती. नेडीन ती घेऊन झोपायला गेली होती, आणि ती दुपारपर्यंत उठत नाही हे त्याला पन्नास वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं.

ऑर्व्हलनं बराच वेळ विचार केला. मग हातांचा कर्णा करून शेजारच्या घराकडे ओरडला:

"क्लोव्हिस! ए क्लोव्हिस! पुढच्या ऑगस्टात कणसं खायला येणार का रे?"