झ्यूस कुठल्या फ्लॅटमध्ये राहतो?

"त्या झ्यूसनं परत शेण खाल्लं," असं म्हणत साळवेकाका पंपरूमजवळच्या बाकावर टेकले, की समजायचं, आता तासभर आमच्या सोसायटीचं काही खरं नाही. नमस्कार नाही, चमत्कार नाही, पाणी आलं का म्हणून विचारणं नाही. थेट झ्यूस. आणि तोही असा, की जणू हा माणूस सकाळीच त्याच्याबरोबर शेअर रिक्षात बसून कुळगावात भाजी आणायला गेला होता.

बी विंगमध्ये एक गृहस्थ नवीनच भाड्यानं आले. सज्जन माणूस. चार-पाच संध्याकाळी त्यांनी हे ऐकलं आणि माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, तुम्हीच सेक्रेटरी ना? हा झ्यूस कुठल्या फ्लॅटमध्ये राहतो? नाही म्हणजे, घरात माझ्या मुली आहेत. एजंट तर म्हणालेला, फॅमिली बिल्डिंग आहे."

मी कपाळाला हात लावला. सांगितलं, अहो, तो ग्रीस देशातला देव आहे, जुन्या गोष्टींमधला. ते म्हणाले, "देव? मग तिथले ट्रस्टी काही करत नाहीत का?"



साळवेकाकांना हे खूळ लागलं ते उल्हासनगरात. कॅम्प तीनमधल्या एका जीन्सच्या कारखान्यात ते जन्मभर लेबल-पॅकिंग बघायचे. पँट शिवायची गल्लीत आणि नाव द्यायचं परदेशी, ही तिथली रीत. नवीन लॉट निघाला की सेठ म्हणायचा, "साळवे, कोई फॉरेन नाम निकालो साईं." काकांना फॉरेनचं काय ठाऊक? ते गेले रद्दीवाल्याकडं आणि ग्रीक देवांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उचलून आणलं. मधली बरीच पानं फाटलेली. पहिला लॉट झ्यूस, दुसरा अपोलो, लेडीजचा माल निघाला तेव्हा हेरा. नावं शोधता शोधता काका खालचा मजकूर वाचायला लागले आणि तिथंच फसले. निम्म्या गोष्टींना पुस्तकात शेवटच नाही, ते शेवट काका आपल्या मनानं लावतात. इंग्रजी अर्धवट, पुस्तक अर्धवट, आणि सांगण्याचा थाट मात्र असा, की प्रत्येक लफड्याला हे पंच म्हणून हजर होते.

आमच्याकडं पाणी संध्याकाळी येतं. पंपाची किल्ली माझ्याकडं असते आणि मी खाली उतरले की सगळी बिल्डिंग खाली उतरते, कारण कुठल्या विंगचा वॉल्व्ह आधी उघडला यावर कुणाचा कुणावर विश्वास नाही. बायका मेथी निवडायला घेऊन येतात, रिटायर्ड पुरुष नुसतेच येतात. मग काका सुरू होतात.

"म्हणजे बघा, झ्यूस त्या पोरीबरोबर बसलाय गुलुगुलु करत आणि समोरून येतेय बायको. यानं काय करावं? त्या पोरीची गाय करून टाकली!"

"अगं बाई! गाय?"

"पांढरीशुभ्र. पण हेरा काय दुधखुळी आहे? म्हणाली, अय्या, किती गोड गाय, मला द्या ना. देतो कसा आणि नाही म्हणतो कसा! नेली तिनं गाय, आणि वर शंभर डोळ्यांचा वॉचमन बसवला राखायला. झोपला तरी निम्मे डोळे उघडे!"

सगळ्यांनी आमच्या वॉचमनकडं बघितलं. त्याला दोनच, आणि तेही मिटलेले.

"लॉटच तसला!" काका मांडीवर थाप मारून म्हणतात. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. झ्यूसच्या बापानं पोरं गिळली, लॉटच तसला. झ्यूस कुणाकडं बैल होऊन गेला, कुणाकडं हंस होऊन, एकीकडं तर सोन्याचा पाऊस होऊन, लॉटच तसला. कुणाचं लग्न मोडायला आलं की "शिलाई उसवली" आणि कुणी नवऱ्यानं माफी मागितली की "रफू मारलं". एवढाच त्यांचा शब्दसंग्रह, आणि एवढ्यावर बिल्डिंग खूश.

मला या लोकांची कमाल वाटते. यांच्या घरात टीव्ही आहे, हातात मोबाइल आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या, सातासमुद्रापलीकडच्या, देवळात जाऊन कधी ज्यांना फूल वाहिलं नाही अशा देवांची भानगड ऐकायला चांगली शिकलेली माणसं तोंड उघडं टाकून बसतात! दिवसभर बँकेत, शाळेत, कंपनीत डोकं लावायचं आणि संध्याकाळी बैलावर बसून पळालेल्या पोरीची काळजी करायची. देवाचं देवपण कुणालाच नको, प्रत्येकाला त्याचं लफडं हवं. आणि लफडं देवाचं असलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आपण काहीतरी ज्ञानाचं ऐकतोय.

एकदा मी काकांना चांगलं झापलं. "वयाला शोभतं का हे?"

"मॅडम, छप्पन्न साली आमच्या आजोबांनी देव घराबाहेर काढले, ते परत आले नाहीत," काका शांतपणे म्हणाले. "म्हणून मला पाप लागायची भीती नाही. तुम्ही तुमचं बघा."

"अहो, पण हवंय कशाला हे?"

"जुना माल आहे. धुऊन धुऊन मऊ पडलेला. कितीही ताणा, कुणाला टोचत नाही. या लोकांबद्दल काहीही बोला, कुणाची पोर रडत नाही."

मी म्हटलं, काहीतरी बरळतायत. पंपरूमच्या भिंतीवर नोटीस लावली, 'येथे अश्लील कथाकथन करू नये.' त्याचा परिणाम असा झाला, की ए विंगचे जे लोक एरवी वॉल्व्ह बघून वर जायचे तेही बाकावर बसायला लागले.

आणि मग माझ्या घरातली शिलाई उसवली.

एका दुपारी ऋतुजा, माझी मुलगी, रिक्षातून उतरली. दोन मोठ्या बॅगा आणि मिक्सर. बॅगांचं मी काहीही सांगितलं असतं हो. सुट्टी आहे, तब्येत बरी नाही, घरी रंगकाम काढलंय. पण माहेरपणाला कुणी मिक्सर घेऊन येत नाही. आणि पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत पाटणकरवहिनी कपडे वाळत घालत होत्या. आमच्या बिल्डिंगला वॉचमन कशाला लागतो हे मला कधी कळलेलं नाही, शंभर डोळे पहिल्या मजल्यावर आहेतच.

"मी परत जाणार नाही," ऋतुजा म्हणाली. "मिक्सर माझ्या पैशाचा होता, तो आणला." तिथं तिच्यावर हात उचलला गेला होता. एवढं सांगून ती आतल्या खोलीत गेली ती तिथंच राहिली. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. नुसती भिंतीकडं तोंड करून पडायची. तिला अंबरनाथच्या एका लॅबमध्ये नोकरी मिळत होती, संध्याकाळच्या पाळीची. फक्त एकदा त्याच वेळेला जाऊन भेटून यायचं होतं. पण फाटकाकडं जायचा रस्ता पंपरूमवरून जातो.

"तो बाक ओलांडून मी जाणार नाही, आई. सगळे बघतात."

माझी पोर, जी शाळेत असताना भर सभेत हेडमास्तरांना उलटं बोलली होती, ती एका बाकाला घाबरून घरात बसली. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. सगळ्यांचा राग आला. बाकाचा आला, मिक्सरचा आला.

ती आली त्याच संध्याकाळी किल्ली घेऊन खाली गेले तर बायका आधीच जमलेल्या. मेथी हातात, नजर माझ्यावर. पाटणकरवहिनींनी गळ्यात साखर घोळवून सुरुवात केली, "सुलभाताई, ऋतुजा आली वाटतं? मिक्सर बिघडला होता का हो?"

मी किल्ली कुलपात खुपसली. तेवढ्यात मागून काका ओरडले, "मिक्सरचं राहू द्या वहिनी! तिकडं झ्यूसच्या डोक्यातून पोरगी निघाली!"

"डोक्यातून?"

"डोकं दुखतंय म्हणाला, फोडलं डोकं, तर आत अख्खी पोरगी! हातात भाला!"

झालं. मिक्सर गेला कुठच्या कुठं. दुसऱ्या दिवशी वहिनींनी नुसतं आमच्या खिडकीकडं बघितलं, तर काकांनी हंस काढला. तिसऱ्या दिवशी सोन्याचा पाऊस. रोज घसा खरवडून एकेक लफडं. आणि मी काय समजले? मी समजले, माझ्या घराला आग लागलीय आणि या माणसाला तमाशा सुचतोय. रविवारी सकाळी तरातरा गेले त्यांच्याकडं.

काका एकटेच राहतात. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. खोलीत बुद्धाचा फोटो, धुतलेलं एकच ताट, आणि कोपऱ्यात लेबलांची उरलेली रिळं.

मी म्हटलं, "काका, तुम्हाला लाज आहे का? माझी मुलगी वर रडत नाहीये, जेवत नाहीये, आणि तुम्ही खाली खिदळता?"

काका उठले आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलं. माझ्याकडं पाठ करून बोलले.

"आमची संगीता अशीच आली होती, मॅडम. अंबरनाथला चाळीत राहायचो तेव्हा. नळावर बायका बोलायच्या, पुरुष बोलायचे. मी बादली घेऊन लाइनीत उभा असायचो. ऐकायचो. मला काय बोलावं सुचायचंच नाही. ती गेली निघून. म्हणाली, बाबा, लोकांचं काही नाही, तुम्ही तिथं होतात आणि गप्प होतात." त्यांनी साखर टाकली, परत टाकली. "फोन करतो मी. उचलत नाही. म्हटलं, आता नळावर गप्प बसायचं नाही. पण लोकांना गप्प बसा म्हटलं तर ते बसतात का? त्यांना चघळायला काहीतरी द्यावं लागतं."

तो चहा इतका गोड होता, की तोंडात धरवेना. मी सगळा प्यायला.

"पोरीला उद्या बाहेर काढा," काका म्हणाले. "मी भारी माल काढतो. लोहार आणि जाळं. ठेवून दिला होता."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऋतुजाला मी अक्षरशः दाराबाहेर ढकललं. म्हटलं, मी खाली जाते, दहा मिनिटांनी तू ये आणि सरळ चालत सूट.

काकांनी तोवर बाजार भरवला होता. पायानं अधू असलेला लोहार देव, त्याची देखणी बायको, आणि तिच्यावर डोळा ठेवून असलेला तो मिलिटरीवाला देव. लोहारानं दिसणारही नाही अशी बारीक जाळी विणली आणि पलंगावर टांगली. ती दोघं आली. जाळं पडलं. बाक चिडीचूप.

"मग त्या लोहारानं काय केलं," काका म्हणाले, "सगळ्या देवांना हाक मारली, या रे, बघा रे. सगळे देव धावत आले आणि दारात..."

आणि आवाज बसला. आठवडाभर खरवडलेला घसा, तो ऐन वेळी गेला. काकांनी तोंड उघडलं, नुसती हवा. जिन्यावर ऋतुजाची पावलं वाजली. पाटणकरवहिनींची मान वळायला लागली. काका माझ्याकडं बघत होते, परत नळाच्या लाइनीत उभे असल्यासारखे. हातात बादली नव्हती इतकंच.

"दारात गर्दी झाली!" मी ओरडले.

वहिनींची मान जागच्या जागी थांबली. सेक्रेटरी? कथाकथन?

"हा इकडून डोकावतोय, तो तिकडून डोकावतोय," मी हात नाचवत सुटले. "कुणी म्हणतोय, सरका हो, मला दिसत नाही. दुसऱ्याची फजिती ना, फुकट! पण तो लोहार मोठा वस्ताद. त्यानं एक दोरी ओढली आणि धाडकन दुसरं जाळं पडलं. कुणावर? बघायला आले होते त्या सगळ्यांवर!"

"अगं बाई गं!" वहिनी म्हणाल्या आणि मेथी मांडीवरून सांडली.

ऋतुजा बाकाच्या मागून गेली. निळा ड्रेस, खांद्यावर पर्स. एकाही माणसानं वळून पाहिलं नाही. फाटकापाशी तिनं मात्र एकदा मागं बघितलं आणि आईला असा हातवारे करत तमाशा करताना बघून आठवड्यात पहिल्यांदा हसली. मग रिक्षाला हात केला.

काका जवळ सरकले. आवाज फाटलेला. "पुस्तकात असं नाही, मॅडम."

"तुमच्या पुस्तकाची पानं फाटलीत."

"असेल." ते अजून फाटकाकडंच बघत होते. "मान वर करून गेली. आमची खाली घालून गेली होती." त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं उगाच पुसत बसले.

इतक्यात पाटणकरवहिनी पुढं सरसावल्या. "पण सुलभाताई, ते बघायला आलेले? ते जाळ्यातून सुटले कसे?"

मी पंपरूमची किल्ली पदराला पुसली आणि बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा नीट बघितलं.

"सुटले कुठं?" मी म्हटलं. "अजून बसलेत."