आठ घरांचा एक रेडिओ

गुरुवारी संध्याकाळी सातला पाच कमी असताना थोरा हाउगेनने भिंतीवरच्या फोनची दांडी गरागरा फिरवली. एक लांबलचक घंटा, म्हणजे सगळ्यांसाठी. लगेच खट् खट् करत एकेक घर फोन उचलू लागलं. १९३१ साली नेब्रास्कातल्या त्या फोनच्या एकाच सामाईक तारेवर आठ घरं होती आणि रेडिओ एकट्या थोराकडे. ती रेडिओ स्टुलावर चढवून त्याचा कर्णा फोनच्या तोंडाशी भिडवायची, रिसीव्हर वायरला लोंबकळत सोडायची, आणि बाकीची सात घरं आपापल्या स्वयंपाकघरात कान लावून बसायची.

आजचा भाग चुकवण्यासारखा नव्हताच. मालिकेतला डॉक्टर दोघी बहिणींपैकी कुणाशी लग्न करणार, ते आज कळणार होतं.

"मी ठरवलंय," डॉक्टर म्हणाला, "मी लग्न करीन ते फक्त..."

आणि रेडिओने मान टाकली.

थोराने बटणं पिळली, कर्ण्यावर चापट्या मारल्या. मग ती हळूच नवऱ्याकडे वळली. रेडिओची बॅटरी म्हणजे ट्रकचीच बॅटरी. दर गुरुवारी एल्मर ती काढून आणायचा.

"एल्मर, काल ट्रकचे दिवे चालू ठेवले होतेस?"

"गाय व्यायली. मग काय अंधारात चाचपडू?"

"अरे, कंदील होता ना गोठ्यात! सात घरं ताटकळलीत माझ्या जिवावर!"

"माझ्या बॅटरीच्या जिवावर," एल्मर म्हणाला. "आणि गुरुवारी मी या घरात खोकायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही. ठसका आला की मी गोठ्यात जाऊन खोकतो. गाईसुद्धा विचारायला लागल्यात, काय झालं म्हणून."

"तू खोकलास की ती तारेवरची ऑगस्टा ब्रेकी दुसऱ्या दिवशी ऐकवते मला! स्वतः मात्र फोनमध्ये अशी धापा टाकते, की वाटावं, घोडाच ऐकतोय."

"मग बंद कर ना हे सगळं."

थोरा मटकन खाली बसली. "बंद करू? रेडिओ यायच्या आधी कुणी फोन केलाय मला? बाराबारा दिवस ही घंटा वाजायची नाही. थोरा हाउगेन जिवंत आहे का, हे फक्त तुला आणि तुझ्या गाईंना ठाऊक. रेडिओ गेला की मला कोण विचारतंय?"

तेवढ्यात लोंबकळणारा रिसीव्हर शिंकला.

दोघंही त्याच्याकडे बघत राहिली. मग थोराने झडप घालून तो आकड्याला अडकवला, आणि तोंडावर एप्रन घेतला.

रविवारी डोकं दुखतंय म्हणून ती चर्चला गेली नाही. फोनही वाजला नाही. एल्मरने न सांगता बॅटरी गावातून भरून आणली, जोडून दिली, आणि खोकला आल्यावर सवयीने गोठ्याकडे निघाला.

"थांब," थोरा म्हणाली. "इथेच खोक."

दुसऱ्या गुरुवारी सातला पाच कमी असताना तिने दांडी फिरवली. रिसीव्हर कानाला लावून वाट पाहिली. एकही खट् नाही. पुन्हा फिरवली. तारेवर नुसती वाऱ्याची गुणगुण.

"गेले सगळे," ती म्हणाली.

"गेले कुठले," एल्मर खिडकीतून बाहेर बघत म्हणाला. "आले."

अंगणात तीन गाड्या धूळ उडवत शिरल्या होत्या. सगळ्यांत आधी ऑगस्टा उतरली, दोन्ही हातांत ॲपल-पायच्या थाळ्या, आणि पायऱ्या चढून दारात पोचेपर्यंत खरंच घोड्यासारखी धापा टाकत होती.

"हसलीस तर बघ," ती म्हणाली. "आणि थोरा, बारा दिवस कुणी विचारत नाही म्हणे? अगं मूर्ख बाई, आम्हाला वाटायचं, तुलाच माणसं नकोत!"

थोराने तिच्या हातांतल्या थाळ्या घेतल्या आणि टेबलावर ठेवल्या. बघता बघता स्वयंपाकघर भरलं. खुर्च्या पुरेनात म्हणून एल्मरने रेडिओखालचं स्टूल ओढून घेतलं. रेडिओ खाली जमिनीवर गेला, आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

निल्सकाका सर्वांत म्हातारे, कानाने अर्धे. ॲपल-पायचा घास चावता चावता ते थोराच्या कानाशी आले.

"गेल्या गुरुवारचा भाग झकास होता हो! डॉक्टरपेक्षा ते गोठ्यातलं जोडपं भारी. मला शिंकच आली रडता रडता. पुढे काय होतं? तो नवरा त्या बाईला सोडून जातो का?"

थोराने एल्मरकडे पाहिलं. तो ऑगस्टासाठी कॉफी ओतत होता, आणि अगदी मोकळेपणाने खोकत होता.

"नाही काका," ती म्हणाली. "बरीच वर्षं चालणाराय ते."