शालूबाईची पोटातली मंडळी

आमच्या लिंबायत वस्तीत माणूस भेटला की 'जेवलात का' असं विचारतात. माझ्या वरच्या खोलीत एकटी राहणारी शालूबाई विचारते, "पोटातली मंडळी काय म्हणतात?" रिक्षावाल्यालाही विचारते. एक जण तिला बाळंतपणाची डॉक्टर समजून बायकोलाच घेऊन आला होता.

ती धुळ्याकडची, चाळिशीची. प्रयोगशाळेत आतड्यातल्या जंतूंवर काम करते. माझं पोट बिघडलं की मी मेडिकलवरून जोरदार गोळ्या आणायचो. त्या दिसल्या की तिचा चेहरा पडायचा. "आबा, एका चोरापायी सगळा मोहल्ला मारता तुम्ही. मारायचं नाही, वळवायचं."

मी चौथी नापास, पण कोणी शिकवलेलं मला खपत नाही. म्हटलं, "जंतू काय बैल आहे, वळवायला?"

तेव्हा तिने मोबाइलवर दाखवलं. अंधारात काचेची बशी, तीत जंतू काजव्यांसारखे चमकत होते. म्हणाली, "हे एकमेकांना खुणा करतात. आपण पुष्कळ झालो असं कळलं की मग चमकतात. पोटातले काही वाईट जंतू असेच जमून दंगा करतात." मग बशीत ती बनवते त्या औषधाचा थेंब पडला. औषधाचा कण म्हणे जंतूपुढेही धुळीएवढा. थेंब पडला तेवढ्या जागेतला उजेड विझला.

"मेले?"

"नाही. जिवंत आहेत. खुणा पोचत नाहीत, इतकंच. प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच."

माझ्या अंगावर काटा आला. जन्म माझा लूमच्या खात्यात, कापडाच्या मागांवर गेला. त्या खडखडाटात आम्हीही हाताच्या खुणांनीच बोलायचो, संपसुद्धा तसाच ठरायचा. म्हटलं, "म्हणजे तू मालकाची माणूस. संप फोडतेस." ती डोळ्यांत पाणी येईतो हसली.

मी हात पुढे केला. "दे मला ते औषध."

"अजून उंदरांवरच चाललंय, आबा. माणसाला देता येत नाही. तुम्ही डॉक्टरला दाखवा."

"उंदीर जवळचा झाला तुला?"

"तुम्ही जवळचे, म्हणून देत नाही."

मला राग आला. एरवी सताड उघडं असणारं दार मी लावून घेतलं. डॉक्टरकडे गेलो, पोटही सुधारलं, पण तिला सांगितलं नाही. ती जिन्यावरून हाक मारायची, मी आतून नुसता खोकायचो.

एका संध्याकाळी कडी वाजली. शालूबाई उभी, खांद्याला कामावरची पिशवी तशीच.

"भांडण चालू ठेवा, आबा. पण दार उघडं ठेवा. तुमच्या घरातला उजेड जिन्यात पडतो. कामावरून आल्यावर तेवढंच, कोणीतरी आहे असं वाटतं."

ती वर गेल्यावर मी एक वीट शोधली आणि दाराला लावली, पंख्याच्या वाऱ्याने मिटू नये म्हणून.