सहादूच्या दारचं अर्थिंग

सहादू नऊ वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर राबत होता, आणि घरात रॉकेलची चिमणी जळत होती. त्या कोळशावर कुठंकुठं पंखे फिरतात हे त्याला ठाऊक नव्हतं. आपल्या घरात फिरत नाहीत, एवढं त्याची बायको लताबाई त्याला रोज सांगायची. अखेर वीज मिळणाऱ्या वस्तीतल्या पहिल्या दहा घरांत त्याचं नाव लागलं. सोमवारी लाइट ऑफिसचे साहेब तपासणीला येणार होते. तिथं नापास झालं की नाव यादीच्या तळाला, म्हणजे आणखी वर्षभर चिमणी.

वायरमन पुंजानं बोर्ड ठोकला आणि दारात पुरुषभर खड्डा घ्यायला लावला. तळाला तांब्याचा पत्रा, त्याला जोडलेली तार वर बोर्डापर्यंत, आणि भोवती खडे मिठाचे नि लोणारी कोळशाचे थर. चुकून वीज बोर्डाच्या पेटीत उतरलीच, तर तिनं माणसाला न धरता या तारेनं जमिनीत जावं, अशी ती सोय.

"याला अर्थिंग म्हनायचं," पुंजा म्हणाला. "जमीन मुरमाड हाय. रोज सकाळी घागरभर पानी घाल. वाळलं तर साहेब पास करनार नाय."

एवढं सांगून तो सटाण्याला एका कांदा व्यापाऱ्याच्या गोदामाच्या कामाला गेला. येणार होता मंगळवारी.

सहादू रात्रपाळीहून येई, अंघोळ करी आणि ओल्या अंगानंच खड्ड्यावर घागर रिती करी. समोरच्या मालनबाईनं मीठ पाहिलं होतं, कोळसा पाहिला होता, तांब्याचा पत्रा पाहिला होता. आता ओल्या अंगानं पाणी घालणारा माणूसही पाहिला. तिसऱ्या दिवशी ती विहार समितीच्या कोंडाजीबाबांकडे गेली.

बाबांनी तरुणपणी आपल्या घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. वस्तीत कुणाच्या दारात नवा देव उगवलेला त्यांना चालणार नव्हता. चार माणसं घेऊन ते आले, जयभीम केला आणि खड्ड्याकडे बोट दाखवलं.

"हे काय मांडलंस?"

"अर्थिंग हाय, बाबा."

"रोज पानी लागतं त्याला?"

"लागतं."

"आन नाय घातलं तर?"

सहादूला खोटं बोलता येत नसे. "घरातल्या मानसाच्या जिवावर बेततं."

बाबांनी सोबतच्यांकडे पाहिलं. "माझा आजा म्हसोबाचं हेच सांगायचा."

वीज यातून जमिनीत जाते, असं सहादूनं समजावलं. त्यावर बाबांनी विचारलं, की घरात आणायला अर्ज केलास ना, मग जमिनीत कशाला घालवतोस? लताबाई मदतीला धावली आणि म्हणाली, की त्या तारेला बायामाणसांनी हात लावायचा नाही असं वायरमननंच बजावलंय. मग तर कुणाला शंकाच उरली नाही. पुंजा येऊन सांगेपर्यंत पाणी बंद, असं ठरलं.

ऊन वैशाखाचं. दुपारी खड्ड्यावरच्या मातीला भेगा पडल्या. दुसऱ्या दिवशी सहादूनं अंघोळीचा दगडच खड्ड्यावर आणून ठेवला. अंघोळ तिथं, भांडी तिथं, धुणंही तिथं. मालनबाईनं जाऊन सांगितलं, की आता तर तो त्यावर ठाण मांडून बसतो.

रविवारी बाबा फावडी घेऊन आले. सहादू आडवा आला, विनवण्या केल्या, कुणी ऐकलं नाही. तासाभरात पत्रा वर आला. बाबांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला, उन्हात धरला, नखानं खरवडला. ना अक्षर, ना चित्र.

"हे तर कोरं हाय," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा उतरला. "चुकलं आमचं, सहादू."

पत्रा त्यांनी लेकरू निजवावं तसा परत ठेवला आणि माती लोटली. मीठ मातीत हरवलं होतं. कोळसा वाया जाऊ नये म्हणून मालनबाईनं तो आधीच पाटीत भरून चुलीसाठी नेला होता.

सोमवारी साहेबांनी यंत्र जोडलं, दांडा फिरवला, काटा पाहिला. मग सहादूला विचारलं, कामाला कुठं असता? सहादू म्हणाला, वीज केंद्रात. साहेबांनी एकदा त्याच्याकडे, एकदा काट्याकडे पाहिलं आणि 'नापास' लिहिलं.

सहादू उंबऱ्यावर बसला तो जेवायलाही उठला नाही. बाबांना ते बघवेना. त्यांनी त्याच दिवशी समिती बसवली आणि ठराव केला, की चूक वस्तीची, तर भरपाईही वस्तीची. चाळीस घरांनी पाळीपाळीनं सहादूच्या अर्थिंगला पाणी घालायचं.

मंगळवारी सकाळी पुंजा आला तेव्हा दारात कळश्यांची रांग होती. पुंजानं हळूच चपला काढल्या आणि हात जोडले. सहादूनं त्याला दंड धरून बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं.

पुंजानं गज खुपसून पाहिला. "कोळसा नाय, मीठ नाय. नुस्त्या पान्यानं काय व्हनार? उकरून नीट भरू. त्या साहेबाची माझी वळख हाय, आठ दिवसांत परत आनतो."

सहादूनं स्वतः फावडं उचललं. तेवढ्यात बाबांनी फावड्यावर पाय ठेवला.

"उकरायचं नाय. आज कुठं तीन घरांचं पानी पडलंय. बाकीच्या सदतीस घरांना काय वाटंल?"

"पन बाबा, लाइट..."

"ठराव झालाय, सहादू. तुझ्याचसाठी झालाय."

मागून मालनबाई कळशी घेऊन पुढं आली.

"सरक रे जरा," ती म्हणाली. "माझी पाळी हाय."