गुलाबभाऊ सगळ्यांच्या पाया पडतात

बोरी अरबला आमच्या शेजारी राहणारे गुलाबभाऊ दिसेल त्याच्या पाया पडतात. वय पासष्टीच्या पुढे, मिशी पांढरी, गावात मान. पण समोरून कालचं पोरगं आलं तरी हे वाकलेच. नवखा माणूस "अहो, हे काय!" म्हणत मागे सरकतो. तोवर यांची दोन बोटं त्याच्या पायावर, अंगठ्याच्या जरा वर टेकलेली असतात, डोळे मिटलेले असतात. मग निकाल लागतो, "लाइन चालू हाये. जाय."

त्याचं असं झालं. गुलाबभाऊंनी सारा जन्म ग्रामपंचायतीचे नळ सोडले, तुंबलेल्या लाइनी मोकळ्या केल्या. निवृत्त झाले आणि एक दिवस त्यांचाच उजवा पाय एकाएकी ठणकायला लागला, पांढरा पडला, गार झाला. यवतमाळहून थेट नागपूरला पाठवलं. पायाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती वेळेत काढली म्हणून पाय वाचला, आणि तेव्हापासून जगातल्या यच्चयावत पायांची नाडी पाहायची जबाबदारी गुलाबभाऊंनी अंगावर घेतली.

ऑपरेशनची गोष्ट ते चहाबरोबर सांगतात, आणि चहा घ्यावाच लागतो. "जांघेत चीर देल्ली. तिथून बारीक नळी घातली, टोकाले फुगा. फुगा गुठळीच्या पल्याड नेला, फुगवला आन् वढला भाईर. गुठळी कशी, शेवग्याच्या शेंगेवानी! मी डॉक्टरले म्हनलं, साहेब, जिंदगीभर मी हेच केलं, फक्त मले फुगा सुचला नाई." इथवर ठीक असतं. पुढे "टाके पाहाचे का?" असं म्हणून त्यांचा हात पायजम्याकडे जातो आणि आतून सुमनवहिनी कडाडतात, "नाड्याले हात लावसान तं याद राखा!"

मोठ्यानं लहानाच्या पाया पडायचं म्हणजे लोकांना संकोच. त्यावर भाऊंनी नामी तोड काढली. आमच्याकडे मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. भाऊंनी अख्ख्या गावाला भाचा करून टाकलं. "थांब भाच्या!" म्हटलं की काम झालं. नवे तलाठी भाचे झाले, एसटीचा कंडक्टर भाचा झाला. निवडणुकीत एक उमेदवार हात जोडत आमच्या गल्लीत आला. तो मतासाठी भाऊंच्या पायाकडे वाकला, भाऊ नाडीसाठी त्याच्या पायाकडे. दोघांची डोकी अशी आपटली की प्रचार तिथंच आटोपला.

निदान बरोबर असतं असा मात्र कोणी गैरसमज करून घेऊ नये. शाळेच्या हेडमास्तरांची लाइन यांनी एकदा साफ बंद जाहीर केली. बिचारे घाबरून यवतमाळला गेले, तपासण्या करून आले. पाय ठणठणीत होता. भाऊंनी जाड मोज्यावरून नाडी पाहिली होती.

एवढ्या पायांत एक पाय मात्र राहून गेला होता, सख्ख्या धाकट्या भावाचा. त्याचं नाव पंजाब, तो उमरखेडला असतो. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरची बाभूळ कोणाची, यावरून दोघांचं बोलणं तुटलं. बाभूळ पुढे वादळात आपोआप पडली. भांडण तेवढं उभं राहिलं. मी एकदा चिडवलं, "भाऊ, साऱ्या गावापुढं वाकता, मग पंजाबपुढं का नाही?" भाऊ गंभीर झाले. "तो लहान हाये. मोठ्यानं कायले झुकाव? आन् त्याले भाचा कसा म्हनू?" त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा दिला नाही. मी समजलो, दुखरी जागा हीच.

गेल्या उन्हाळ्यात पंजाबच्या मुलीचं लग्न निघालं. पोरीनं स्वतः फोन केला, "मोठेबाबा, तुमी आले नाई तं मी बोहल्यावर चढत नाई." भाऊ आणि वहिनी माझ्या गाडीतून उमरखेडला गेले. मांडवात भाऊ कूलरशेजारी परक्यासारखे उभे राहिले. घरचा मोठा माणूस, पण कोणी काम सांगेना, हे कोणाला विचारेनात. मला वाईट वाटलं.

अक्षता पडल्या. पंजाब अनवाणी लंगडत पाहुण्यांना जेवायला बसवत होता, चेहऱ्यावर घाम. भाऊ एकदम गर्दीतून चालत गेले आणि भर मांडवात धाकट्या भावाच्या पायाशी वाकले. पंजाबच्या हातातलं ताट खाली आलं.

"दादा, काय करून राह्यला हे! मी लहान ना! बाभूळ गेली चुलीत, चूक माहीच होती..." आणि तो ढसाढसा रडायला लागला.

"चूप राह्य. पाहू दे मले."

नेहमीपेक्षा बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. मग मान वर करून ओरडले, "लाइन बंद हाये! गाडी काढा!"

मला हेडमास्तर आठवले. म्हणून मी स्वतः पंजाबच्या पायाला हात लावला. गार होता. सकाळपासून ठणकत होता. लग्नाच्या धावपळीनं असेल म्हणून त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी तेल आणलं, कोणी शेकायला फडकं आणलं. भाऊ सगळ्यांवर खेकसले, "चोळू नका, शेकू नका! मले डॉक्टरनं बजावलं हाये." पंजाब म्हणाला, "पोरीची पाठवनी करून येतो ना, दादा." भाऊंनी त्याचं बखोट धरलं. "पाठवनी तुही वयनी करते. तू बस." नवरीनंच बापाला गाडीत ढकललं.

नांदेडला त्याच दिवशी ऑपरेशन झालं. चीर, नळी, फुगा, सगळं भाऊंच्या गोष्टीतल्यासारखं. गुठळी निघाली, पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर कापावा लागला असता. भाऊ बाकावर मटकन बसले आणि उपरण्यानं तोंड झाकून घेतलं. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वॉर्डात गेलो, तर भाऊ पायथ्याशी बसलेले, दोन बोटं भावाच्या पायावर. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, आम्ही पाहतो ना नाडी. जेवून या तुम्ही." भाऊ हलले नाहीत. पंजाब जागा होता.

"दादा, खरं सांग. माफीसाठी वाकला होता का नाडीसाठी?"

"लाइन बंद हाये, हे मले कूलरपासूनच समजलं होतं," भाऊ म्हणाले. "एक पाय पांढराफटक दिसे तुहा."

"मंग वाकला कायले?"

भाऊंनी बोटं उचलली नाहीत. नजरही वर केली नाही.

"वाकाचं तं लय वर्सांपासून होतं रे, पंजाब. बहाना भेटे नाई."