जंत न होणारी गल्ली

गुरुवारी सकाळी अकरा वाजता आपण अमर होणार, याबद्दल संशोधक डॉक्टरांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मोठ्या समितीसमोर उभं राहून एवढंच म्हणायचं होतं : "सज्जनहो, मला जंत न होणारी गल्ली सापडली आहे!" समितीने मान डोलावली, तर प्रयोगशाळा आणखी पाच वर्षं चालणार. नाही डोलावली, तर कुलूप!

बारा वर्षं ते एकाच प्रश्नात बुडालेले. लहान मुलांना जंत होतात, औषधाने जातात, पुन्हा होतात. आणि मग एके दिवशी एखाद्याचं शरीर आपणहून त्यांना दार लावून घेतं. हे शहाणपण शरीराला येतं कधी? सूक्ष्मदर्शकाच्या गोल, पिवळ्या उजेडात अंडी शोधताना डॉक्टर चंद्रावर फिरत असत. बायकोने जेवायला हाक मारली की तिथूनच "आलो" म्हणत, आणि येत नसत.

त्यात ही प्रयोगशाळेमागची शिंप्यांची गल्ली. मुलं सव्वीस. पहिल्या सोमवारी नर्सबाईंनी घरोघरी डब्या वाटून शौचाचे नमुने आणले, तेव्हा पंचवीस पोटांत जंतांचं संमेलन भरलेलं! सगळ्यांना औषध दिलं. आता पुन्हा कुणाला होतात, ते पाहायचं. तर कुणालाच नाही! पाच महिने दर सोमवारी सव्वीसच्या सव्वीस डब्या लख्ख. आणि मुलं तर गटारातला चेंडू काढून त्याच हाताने केळं सोलणारी!

एका सोमवारी सगळ्याच डब्यांत गाजराचे तुकडे निघाले. डॉक्टरांनी भारावून वहीत नोंदवलं : "गल्लीत आहाराबाबत विलक्षण एकोपा."

बुधवारी दुपारी ते हा चमत्कार डोळे भरून पाहायला गेले. शिवणयंत्रं गुंगीत घरघरत होती. दोरीवरच्या चादरी शिडांसारख्या फुगल्या होत्या. अख्खी गल्ली हळूहळू कुठेतरी तरंगत निघाली आहे, असं त्यांना वाटलं.

"वहिनी," काजं करत पायरीवर बसलेल्या शिंपीणबाईंना त्यांनी हळुवारपणे विचारलं, "तुमच्याकडे आहे तरी काय? पाणी? माती? हवा?"

"का? पोरं पास झाली ना?"

"पास?"

"तुमच्या नर्सबाईच म्हणाल्या होत्या, पंचवीस नापास, एकटी गोलू पास! इतकी लाज वाटली म्हणून सांगू! तेव्हापासून सगळ्यांच्या डब्या आम्ही गोलूकडूनच भरून घेतो."

हे वाक्य चंद्रावरच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागला.

"सव्वीसही?"

"चमचाभर तर लागतं! शेजाऱ्याला एवढंही द्यायचं नाही? रविवारी अख्खी गल्ली तिला पपई, गाजरं, म्हणेल ते खाऊ घालते. एकदा मामाकडे गेली होती, तर पहिल्या बसने परत आणवली. ड्यूटी म्हणजे ड्यूटी!"

तेवढ्यात स्वतः गोलू आली. वय वर्षं सात, चाल उद्घाटनाला निघालेल्या मंत्र्याची. मागे तिची आई, कोपऱ्यावरची इस्त्रीवाली.

डॉक्टरांचे डोळे पुन्हा चमकले. गल्ली गेली तर गेली! ही एक तर खरी आहे! मातीत लोळून स्वच्छ राहणारी एकमेव मुलगी! समिती उभी राहून टाळ्या वाजवते आहे...

"ताई, हिला कधीच जंत कसे होत नाहीत हो?"

"होतील कसे?" इस्त्रीवाली अभिमानाने म्हणाली. "दर पंधरा दिवसांनी गोळी देते मी! पहिल्या परीक्षेआधीही दिली होती. आणि आता तर पंचवीस पोरांची जबाबदारी आहे, डॉक्टर. एवढ्या विश्वासाने येतात लोक!"

डॉक्टर मटकन पायरीवर बसले.

"अहो, काय झालं? चेहरा का उतरला?"

"उद्या माझी परीक्षा आहे," ते कसेबसे म्हणाले. "मोठे साहेब आहेत. नापास झालो, तर प्रयोगशाळेला कुलूप."

यंत्रं एकेक करून थांबली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग सगळ्यांनी गोलूकडे. आजवर कुणालाही नाही न म्हटलेल्या माणसासारखा गोलूने एक सुस्कारा सोडला आणि ती आत गेली.

"एवढंच ना!" शिंपीणबाई म्हणाल्या. "रडताय काय पोरासारखे? बसा दहा मिनिटं. एक डबी तुम्हालाही देतो!"

डॉक्टर नकोच म्हणणार होते. पण बारा वर्षांच्या संशोधनात इतक्या मायेनं त्यांना कुणी काही दिलं नव्हतं.

ते बसले. दहाच्या जागी वीस मिनिटं लागली, तरी बसले!