सर्वे नंबर ११७ मधील राक्षस

विरूपाक्ष मठपती यांच्या कादंबरीवरची पहिली लेखी प्रतिक्रिया सरकारी पाकिटातून आली. पाकीट शिपायाच्या हाती आलं आणि पोच म्हणून सही मागितली गेली. मठपतींनी ती जरा मोठीच केली.

‘विषय : मौजे बोरखेडी, सर्वे नंबर ११७ येथील जलसाठ्याबाबत. संदर्भ : आपली कादंबरी, पृष्ठे १ ते ९६.’

“महानंदा!” मठपती ओरडले. “अगं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंय कुणीतरी!”

महानंदाबाई ज्वारी पाखडत होत्या. “कुणी वो?”

“टंचाई शाखेनं.”

“मंग आता काय म्हणलालेत ते?”

“ते नंतर बघू. आधी वाचल्याचा आनंद तरी होऊ दे.”

आनंदाची त्यांना घाई होती, कारण पुस्तक येऊन दोन महिने झाले होते आणि ‘अभिप्राय’ असं नाव घातलेली दोनशे पानी वही अजून कोरी होती. शेजाऱ्यांनी पुस्तक हातात तोलून “चांगलं जाड हाय,” म्हटलं होतं. मेव्हण्यांनी मुखपृष्ठावरचा राक्षस बघून “फोटो कुणाचा?” विचारलं होतं. यातलं काही वहीत उतरवण्यासारखं नव्हतं.

मठपती पेशानं मोजणीदार. वीस वर्षं लोकांच्या शेतांतून साखळी ओढून त्यांनी बांध कायम केले होते. जिल्हा नवा झाला तेव्हा इतरांनी बढतीचे अर्ज केले. मठपतींनी ठरवलं, नव्या जिल्ह्यातली पहिली बालकादंबरी आपली. तिचं नाव ‘गडपासुराची विहीर’. चिमी नावाची मुलगी आणि तिची बोलकी, एकशिंगी शेळी कोरड्या विहिरीत उतरतात, सात दारं ओलांडतात आणि मुलखाचं सगळं पाणी पोटाखाली दाबून बसलेल्या गडपासुराच्या तळ्यापाशी पोचतात. ऐन वेळी शेळी तळ्याची चावी गिळते. इथं शहाण्णव पानं झाली आणि छापखान्यातला कागद संपला. शेवटचं प्रकरण राहिलं. “कागद आला की शेवट छापू,” असं म्हणून छापखानेवाल्यांनी पुस्तक तसंच बांधून दिलं.

चूक एकच झाली, आणि ती मोजणीदारच करू जाणे. ‘एक कोरडी विहीर होती’ असं लिहिल्यावर मठपतींचा हात थांबला. कोणती विहीर? वीस वर्षांत त्यांनी चतुःसीमेशिवाय विहीर लिहिली नव्हती. मग त्यांनी मागच्या उन्हाळ्यात ज्या विहिरीपाशी बसून भाकरी खाल्ली होती ती आठवली आणि लिहिलं : मौजे बोरखेडी, सर्वे नंबर ११७. पूर्वेस कडुलिंब, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस नागुबाईचं शेत, उत्तरेस गाडीवाट. लिहून झाल्यावर त्यांना बरं वाटलं.

पुढं पुस्तकाची एक प्रत त्यांनी टंचाई शाखेचे नायब तहसीलदार भुजंगराव टेंकाळे यांना ‘सप्रेम भेट’ लिहून दिली. कचेरीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. तिच्या पाटीवरही ते अजून रंगवलेलं नव्हतं. दारात आवक-जावक बघणारा नरसिंग बसला होता.

“अप्पा, नंबर पडल्याबिगर हितं काईच आत जात नसतंय,” तो म्हणाला आणि त्यानं गडपासुराच्या कपाळावर शिक्का मारला. आता पुस्तकाला फाइल हवी. नरसिंगनं पहिलं पान उघडलं, गावाचं नाव वाचलं आणि कादंबरी बोरखेडीच्या फाइलीत लावली. त्या फाइलीत दुसरा कागद नव्हता. जुन्या जिल्ह्यानं अजून दप्तर पाठवलं नव्हतं. खुर्च्या पाठवल्या होत्या, त्याही बिनहाताच्या.

त्या साली दुष्काळ असा होता की मुरुडपासून किल्लारीपर्यंत ज्याला त्याला टँकर हवा होता आणि टँकर मोजके होते. भुजंगरावांनी गावोगावच्या फाइली तपासायला घेतल्या. बोरखेडीची फाइल उघडली, तर आत सरकारी मोजणीदारानं सहीनिशी दिलेला शहाण्णव पानांचा कागद : या गावाच्या विहिरीखाली तळं आहे.

मठपतींना ते पत्र गेलं आणि टँकर दुसऱ्या दिवशी बंद झाला.

तिसऱ्या दिवशी बोरखेडीचे सरपंच लिंबाजी मठपतींच्या दारात उभे राहिले. सोबत सहावीतली, दोन वेण्यांची एक पोरगी होती.

“अप्पा, तुमी लई भारी लिव्हता म्हणं,” लिंबाजी म्हणाले. “पर आमचा टँकर कामून बंद केलाव?”

“मी?”

“तुमच्या पुस्तकानं. डायवर म्हनला, तुमच्या गावात तळं घावलंय, आता मी येत नसतो. बायाबापड्या तीन कोसावरून घागरी आनलाल्यात.”

“अहो, ती गोष्ट आहे!”

“आमाला ठाव हाय गोष्ट हाय. कचेरीला कुठं ठाव हाय?”

मठपतींचा चेहरा उतरला. तरी त्यांच्यानं राहवलं नाही. “गावात वाचलंय का कुणी?”

“समद्या पोरांनी,” पोरगी म्हणाली. “शाळेत एकच पुस्तक दिलाव तुमी. मंग गुरुजींनी शिवण उसवून सहा तुकडे केले. एकाला एक. वाचून झालं की बदलायचं. माज्याकडं पैला शेवटचा आला.”

हिचं नाव सिंधु. आपल्या पुस्तकाचे सहा तुकडे झाले याचं दुःख करावं की अभिमान बाळगावा, हे मठपतींना क्षणभर कळेना. मग त्यांनी अभिमान बाळगला आणि टोपी घालून कचेरी गाठली.

“साहेब, ती कादंबरी आहे,” ते भुजंगरावांना म्हणाले.

“संदर्भात तसंच लिहिलंय आम्ही.”

“त्यात शेळी बोलते, साहेब.”

“वाचलं. शेळी काय बोलते हा माझ्या शाखेचा विषय नाही. पाणी माझा विषय आहे.” भुजंगरावांनी चष्मा पुसला. “मठपती, तुम्ही सर्वे नंबर दिलाय. चतुःसीमा दिलीय. शेतकरी तुमच्या सहीवर बांध फोडतात आणि बांध घालतात. मी तुमचा कागद खोटा कसा म्हणू?”

“मग काय करू?”

“तुम्हीच म्हणा. ‘कादंबरीतील मजकूर खोटा आहे,’ एवढं लिहून द्या. टँकर सोडतो.”

“काल्पनिक लिहिलं तर?”

“काल्पनिक असा रकाना नाही. खरा किंवा खोटा.”

मठपतींनी कागद घेतला. महिनोन्‌महिने पहाटे उठून लिहिलेलं एकेक दार त्यांना आठवलं. पण तीन कोसांवरच्या घागरीही आठवत होत्या. त्यांनी ‘खोटा’ हा शब्द लिहिला, आयुष्यातल्या सगळ्यात वाईट अक्षरात, आणि कागद पुढं सरकवला.

भुजंगरावांनी तो वाचून बाजूला ठेवला. “आता स्थळपाहणी.”

“मी लिहून दिलं ना, साहेब!”

“नुसतं लेखकाच्या म्हणण्यावर कसं जाणार? लेखक काय वाटेल ते लिहितात. बुधवारी दहा वाजता.”

बुधवारी अख्खी बोरखेडी विहिरीपाशी जमली. भुजंगराव एका हातात कादंबरी आणि दुसऱ्या हातात पेन्सिल घेऊन फिरले. पूर्वेस कडुलिंब होता. पश्चिमेस ओढा होता, कोरडा. दक्षिणेस नागुबाईचं शेत होतं आणि शेतात नागुबाई होती. उत्तरेस गाडीवाट होती, आणि तिच्यावरून एकशिंगी शेळी चालत आली. मठपतींनी कपाळाला हात लावला. मागच्या उन्हाळ्यात हिनंच त्यांची अर्धी भाकरी पळवली होती. कादंबरीत ती तिथूनच आली होती.

“ही कुणाची?” भुजंगरावांनी विचारलं.

“माजी हाय,” नागुबाई म्हणाली. “बोलत नसती ती. पर समजतंय तिला समदं.”

भुजंगरावांनी पेन्सिलीनं पाचवी खूण केली. “मठपती, झाड खरं, ओढा खरा, बाई खरी, वाट खरी, शेळी खरी. मग पाणीच तेवढं खोटं कसं?”

लिंबाजी हात जोडू लागले. तेवढ्यात सिंधु गर्दीतून पुढं आली.

“सायेब, तुमी शेवटचं पान वाचलाव का?”

“वाचलं.”

“मंग टँकर कामून बंद केलाव? पाणी हाय की. पर त्याच्यावर गडपासुर बसलाय. तळ्याला कुलूप हाय. चावी शेळीच्या पोटात हाय. मंग आमाला पाणी भेटतंय कुठं?”

भुजंगरावांनी पान उलटलं. पुन्हा वाचलं. “म्हणजे साठा आहे, पण उपलब्ध नाही?”

“हाव.”

“कब्जा कुणाचा?”

“गडपासुराचा.”

“किती वर्षांचा?”

हे तिसऱ्या तुकड्यात होतं. तो तुकडा वाचत असलेल्या पोरानं जागेवरून सांगितलं, “तीनशे!”

“बारा वर्षांच्या वरची वहिवाट,” भुजंगराव स्वतःशीच पुटपुटले. “काढणं अवघड आहे.”

मग लिंबाच्या सावलीत पंचनामा झाला. पोरं वयानं अज्ञान असल्यानं त्यांना पंच होता येईना, आणि मोठ्यांनी कुणी पुस्तक वाचलेलं नव्हतं. तेव्हा पोरांनी आपापल्या तुकड्यातलं सांगितलं आणि मोठ्यांनी ते खरं धरून खाली सह्या-अंगठे केले. ‘सदर विहिरीखाली मुबलक पाणी असून ते गडपासुर नामक इसमाच्या कब्जात आहे. तळ्याची चावी शेळीच्या पोटात असून सदर शेळी समक्ष पाहिली. चावी बाहेर येईपर्यंत टँकर चालू ठेवणे आवश्यक आहे.’ संध्याकाळी टँकर आला.

भुजंगरावांनी तो ‘खोटा’वाला कागद मठपतींना परत दिला. “हा आता लागत नाही,” म्हणाले. “पंचनाम्यात वेगळं निघालंय.”

मठपतींनी पंचनाम्याची खरी नक्कल काढली, तिला काच लावली आणि बैठकीत टांगली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवायचे, “अकरा सह्या आणि सात अंगठे. मजकूर खरा असल्याबद्दल.”

बातमी पसरली आणि पुस्तक खपू लागलं. धर्माबादहून एका आडत्यानं नातवंडांसाठी चार प्रती मागवल्या. छापखान्यातून निरोप आला : कागद आलाय, शेवट द्या. शेवटच्या प्रकरणात शेळीला जोराचा ठसका लागून चावी बाहेर पडायची, गडपासुर पळायचा आणि विहीर काठोकाठ भरायची. मठपतींनी ते रात्रंदिवस जपलेलं प्रकरण कपाटातून काढलं, कोरी टोपी घातली आणि दार उघडलं.

दारात लिंबाजी. सोबत सिंधु आणि ग्रामपंचायतीचा ठराव.

‘पाऊस पडेपर्यंत लेखकाने चावी बाहेर काढू नये. सर्वानुमते मंजूर.’

“अप्पा, इनंती हाय,” लिंबाजी म्हणाले. “तुमची शेळी ठसकली की आमचा टँकर गेला.”

मठपती ठराव हातात धरून उभे राहिले. मग त्यांची छाती हळूहळू फुगली. “महानंदा, ऐकलंस? गोष्टीचा शेवट थांबवायला अख्खं गाव आलंय. नव्या जिल्ह्यात कुण्या लेखकाच्या वाट्याला आलंय हे?”

“नव्या जिल्ह्यात लेखक कितीक हाईत?” महानंदाबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. जाताना प्रकरण मठपतींच्या हातातून घेऊन परत कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला खोवली.

लिंबाजी चहा पिऊन उठले. सिंधु मात्र जागची हलली नाही. लिंबाजी चपला घालतायत असं बघून ती मठपतींजवळ सरकली.

“मला एकटीला सांगा. मी कुणाला सांगत नसते. चावी निघती का?”

मठपतींनी दाराकडं पाहिलं, कपाटाकडं पाहिलं, आणि वाकून तिच्या कानात सगळं प्रकरण सांगितलं. चांगलंच लांब होतं. लिंबाजींनी दोनदा हाक मारली. सिंधु डोळे मिटून ऐकत होती.

“शेळी मरत न्हाई ना?”

“नाही.”

“मंग बेस हाय,” सिंधु म्हणाली आणि पळाली.

मठपतींनी ‘अभिप्राय’ची वही उघडली. पहिल्या पानावर, ठळक अक्षरात लिहिलं : ‘मंग बेस हाय. — सिंधु, इयत्ता सहावी, बोरखेडी.’ मग हात काही थांबेना, म्हणून खाली चतुःसीमाही घातली : पूर्वेस दार, पश्चिमेस पंचनामा, दक्षिणेस कुलूपबंद कपाट, उत्तरेस महानंदा.